कारवानी कुत्रीसाठी लाँग लाइन कोणती घ्यावी?

माळरानी

नमस्कार. आमच्याकडे दीड वर्षाची कारवानी कुत्री आहे. वजन २२ किलो, अंगाने सडसडीत, मान लांब, आणि डोके मानेपेक्षा फारसे रुंद नाही. घरात आणि अंगणात हाक मारली की ती लगेच येते. परंतु सोलापूरच्या उत्तरेला आमचे शेत आहे, तिथल्या माळावर एखादा ससा उठला किंवा टिटवी ओरडत जमिनीलगत उडाली, की मग हाकेचा काहीही उपयोग होत नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य त्याच बाजूला आहे आणि हद्दीबाहेरच्या शेतांतूनही काळविटांचे कळप फिरत असतात, त्यामुळे तिला मोकळे सोडण्याचा विचार आम्ही केलेला नाही. दुसरीकडे, दीड मीटरच्या दोरीवर या जातीच्या कुत्र्याचा व्यायाम होत नाही, हेही रोज दिसते.

म्हणून लाँग लाइनवर, म्हणजे सरावासाठीच्या लांब दोरीवर, हाकेला परत येण्याचा सराव करून घ्यावा असे ठरवले आहे. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. लांबी १० मीटर घ्यावी, १५ की २०? पट्टी नायलॉनची घ्यावी, बायोथेनची (प्लास्टिकचा थर दिलेली पट्टी), की सरळ गोल दोर? आणि सध्या तिच्या गळ्यात रुंद पट्टा आहे, त्यालाच ही लाइन अडकवली तर चालेल का? दुकानदाराने बटण दाबून आत-बाहेर होणारी, प्लास्टिकच्या मुठीची लीश सुचवली होती, तिच्याबद्दलही मत सांगावे.

डॉक्टर_चतुष्पाद

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तडजोडीला जागा नाही. लाँग लाइन गळ्यातल्या पट्ट्याला लावू नये. आखूड दोरीवर कुत्रे ओढते तेव्हा त्याला वेग घ्यायला जागाच नसते. लांब दोरीवर ते पूर्ण वेगात दोरीच्या टोकाशी पोहोचते आणि तो सगळा हिसका श्वासनलिका, मानेचे मणके आणि त्यांमधल्या चकत्या यांच्यावर येतो. नुसत्या ओढण्यानेही काय होते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गळ्याच्या पट्ट्यावर ओढ दिली असता कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला आणि तीच ओढ हार्नेसवर, म्हणजे छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजावर, दिली असता तो लक्षणीय वाढला नाही.

तुमच्या कुत्रीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कारवानी, पश्मी, मुधोळ या सगळ्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते. साधा हार्नेस असला की हे कुत्रे दोन पावले मागे सरकते, खांदे आवळते आणि सरळ बाहेर निघते. म्हणून तिच्यासाठी तीन पट्ट्यांचा हार्नेस पाहावा: एक पट्टा छातीवर वाय आकारात, दुसरा पुढच्या पायांमागे, आणि तिसरा बरगड्या संपतात त्याच्या मागे, बारीक कमरेवर. तिसरा पट्टा नीट बसला असेल तर छातीचा घेर त्यातून मागून-पुढे निसटत नाही. लाइन अडकवायची ती पाठीवरच्या कडीला.

गणिताची_वही

लांबीबद्दल बहुतेक जण "जितकी जास्त तितकी बरी" असे धरून चालतात, म्हणून थोडे आकडे मांडतो. समजा, उभ्या जागेवरून सुटलेले चपळ कुत्रे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने धावते. दोरी ५ मीटरची असेल तर ती संपेपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर होतो. १० मीटरची असेल तर १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. आणि २० मीटरची असेल तर १४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ५० किलोमीटर. २२ किलो वजनाच्या कुत्रीची गतिज ऊर्जा या तीन ठिकाणी अनुक्रमे ५५०, ११०० आणि २२०० ज्यूल भरते.

ही ऊर्जा अर्ध्या मीटरच्या अंतरात जिरवायची असेल, म्हणजे तुमचा हात आणि खांदा थोडा पुढे गेला आणि कुत्रीचे अंग थोडे वळले असे धरले, तर सरासरी बल ११००, २२०० आणि ४४०० न्यूटन येते. किलोच्या भाषेत सुमारे ११०, २२५ आणि ४५० किलो वजनाइतकी ओढ. २० मीटरच्या टोकाशी आलेली कारवानी कोणीही नुसत्या हाताने थांबवू शकत नाही. एकतर दोरी सुटेल, नाहीतर माणूस पडेल.

दोरखंड

गणित बरोबर आहे, पण त्यात दोर स्वतः काहीच ताणला जात नाही असे गृहीत धरलेले आहे. आम्ही गिर्यारोहक मंडळी पडण्याचा विचार वेगळ्या तऱ्हेने करतो: पडण्याची उंची भागिले दोराची लांबी. दोर लवचीक असेल तर तो जितका लांब तितका जास्त ताणला जातो आणि तितकीच जास्त ऊर्जा शोषतो, म्हणून हिसक्याचे कमाल बल लांबीवर अवलंबून राहत नाही. चढाईचा डायनॅमिक दोर मोठ्या पडझडीत ३० ते ४० टक्क्यांपर्यंत लांबू शकतो, तो त्यासाठीच बनवलेला असतो. जुना, चढाईतून निवृत्त केलेला दोर कुत्र्यासाठी उत्तम चालतो असे माझे मत आहे. हातात गोल आणि भरीव बसतो, पट्टीसारखा पीळ धरत नाही.

वजनाचे मात्र पाहावे लागेल. १० मिलिमीटर जाडीचा दोर मीटरला ६५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे १५ मीटरचा जवळपास एक किलो होतो. त्याऐवजी ८ मिलिमीटरची अॅक्सेसरी कॉर्ड (गिर्यारोहणातली पातळ, पूरक दोरी) घेतली तर १० मीटर चारशे ग्रॅमच्या आत बसते. ती डायनॅमिक दोराइतकी ताणली जात नाही, पण कुत्र्याच्या मानाने तिची ताकद पुरेशी आहे.

गणिताची_वही

मान्य, पण दोन कारणांनी हा युक्तिवाद माळावर टिकत नाही. पहिले, कड्यावर दोर खिळ्याला किंवा झाडाला पक्का बांधलेला असतो. इथे त्याच्या दुसऱ्या टोकाला साठ किलोचा माणूस चपला घालून भुसभुशीत मातीत उभा असतो. दोर पुरता ताणला जाण्याआधीच हात मोकळा होतो किंवा पाय सरकतो. दुसरे, लाइन जमिनीवरून जाते. ती मध्येच बोरीच्या किंवा बाभळीच्या बुंध्याला अडकली तर ताणला जाणारा भाग तेवढ्या अडथळ्यापासून कुत्रीपर्यंतचाच उरतो, आणि धावण्याचा वेग मात्र पूर्ण अंतराचा असतो. अशा वेळी तुमचा लांबीचा फायदा निघून जातो.

दोरखंड

अडकण्याचा मुद्दा खरा आहे. झुडपाळ जागेत मीही १० मीटरच्या पुढे जाणार नाही. तरीही न ताणल्या जाणाऱ्या पट्टीपेक्षा ताणला जाणारा दोर बरा, हे माझे म्हणणे कायम आहे.

हानोव्हरवासी

इथे जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्यात १ एप्रिल ते १५ जुलै या काळात, वन्यजीवांच्या विणीच्या हंगामात, जंगलात आणि मोकळ्या रानात कुत्रे दोरीवरच ठेवावे लागते. त्यामुळे लाँग लाइन ही इथली रोजची वस्तू आहे. तिला श्लेपलाइन म्हणतात आणि ती ५, १०, १५ मीटर अशा लांबींत सहज मिळते. माझ्या ओळखीच्या प्रशिक्षकांचा कल बायोथेनकडे आहे. आत पॉलिएस्टरची विणलेली पट्टी आणि वरून प्लास्टिकचा थर, अशी तिची घडण असते. पाणी शोषत नाही, चिखल फडक्याने पुसला की जातो, आणि पट्टीला वास येत नाही. १३ मिलिमीटर रुंदीची १० मीटर लाइन चारशे-साडेचारशे ग्रॅम भरते, १९ मिलिमीटरची सहाशेच्या वर जाते. तुमच्या कुत्रीला १३ पुरेल.

श्री. दोरखंड यांनी म्हटल्याप्रमाणे बायोथेन जवळजवळ ताणले जात नाही, हा तिचा खरा दोष आहे. त्यावर उपाय असा की लाइन आणि हार्नेस यांच्यामध्ये एखाद्या मीटरचा रबरी लवचीक तुकडा लावावा. कुत्र्यासोबत धावण्याच्या शर्यतींत असे तुकडे सर्रास वापरले जातात. आणखी एक सूचना: लाइन शेवटाला हातात धरायच्या फासाविना घ्यावी. जमिनीवरून ओढल्या जाणाऱ्या लाइनचा फास प्रत्येक खुंटात आणि दगडाच्या फटीत अडकतो. विकत घेतलेल्या लाइनला फास असेल तर तो सरळ कापून टाकावा. बायोथेनचे टोक कापल्यावर फारसे उसवत नाही.

छातीवरच्या पुढच्या कडीला किंवा तोंडावर बसणाऱ्या हेड-हॉल्टरला लाँग लाइन कधीही लावू नये. पुढच्या कडीला हिसका बसला की कुत्रे जागच्या जागी गर्रकन वळते, आणि हेड-हॉल्टरला बसला तर मान मुरगळते.

माळरानी

सर्वांचे आभार. हार्नेसचा मुद्दा पटला, तीन पट्ट्यांचाच शोधते. बायोथेनबद्दल एक शंका आहे. आमच्याकडे दसऱ्यानंतर माळावर कुसळी गवत वाळते आणि कुसळे कपड्यांत, मोज्यांत, कुत्रीच्या कानांत आणि पंजांच्या बेचक्यांत घुसतात. गोखरू तर बारमाही आहेच. विणलेल्या पट्टीत ही सगळी जत्रा अडकणार, असे वाटते.

बांधावरून

अडकतेच. गावाकडे आम्ही पलंगाच्या नवारीची इंचभर रुंद सुती पट्टी आणून तिला हुक शिवून घेतो. हाताला ती सर्वांत मऊ लागते, घसरली तरी नायलॉनइतके पोळत नाही, आणि खर्च अगदी कमी. चामड्याच्या पिशव्या शिवणारा कारागीर जाड दोऱ्याने चौकट आणि आत फुली अशी शिवण घालून देतो, ती सुटत नाही. परंतु कुसळांच्या दिवसांत नवारीची पट्टी घरी आणल्यावर अर्धा तास टोचणी काढत बसावे लागते, आणि पावसात ती भिजली की जड होते, दोन दिवस वाळत नाही, पुढे कुजते. तुमच्या माळासाठी गुळगुळीत पट्टीच योग्य.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर मात्र कोणी सुचवला तरी घेऊ नये. तो बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. उन्हात काही महिने राहिला की त्याचे तंतू तुटून कुसळासारखे हातात शिरतात, आणि हातातून वेगाने सरकला तर कातडे सोलून काढतो.

हातमोज्यांशिवाय लाँग लाइन हातात घेऊ नये, हे कोणी अजून लिहिले नाही म्हणून लिहितो. वेल्डिंगवाले वापरतात ते चामडी हातमोजे जाड असले तरी चालतात. बागकामाचे, तळव्याला चामडे असलेले अधिक सोयीचे. आणि बैलाचा कासरा हाताला गुंडाळू नये हे शेतकऱ्याच्या पोराला चालायला लागल्यापासून सांगितलेले असते, तेच इथे लागू आहे. लाइनचा वेढा मनगटाला किंवा बोटांना कधीही द्यायचा नाही. बोट मोडण्याचे ते सर्वांत सोपे साधन आहे.

खारा_वारा

आम्ही रत्नागिरीजवळ समुद्राकाठी राहतो, त्यामुळे माझे लक्ष आधी हुकाकडे जाते. स्वस्त लाइनला जस्ताच्या मिश्रधातूचा, वरून चकाकी दिलेला हुक असतो. खाऱ्या हवेत आणि वाळूत त्याचा खटका एका मोसमात घट्ट बसतो, आणि मग एके दिवशी तो अर्धवट उघडाच राहतो, जे घट्ट बसण्यापेक्षा वाईट. पितळी किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा हुक घ्यावा, त्याला फिरकी असलीच पाहिजे, नाहीतर लाइनला पीळ पडत जातो. समुद्रावरून आल्यावर हुक गोड्या पाण्याने धुवावा. सोलापूरला खारे वारे नाहीत, पण धूळ आहे. खटक्यात धूळ गेली तरी परिणाम तोच.

रंगाकडेही पाहावे. हिरवी किंवा काळी लाइन गवतात दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या लाइनच्या वेढ्यात माणूसच पाय देऊन उभा राहतो. भगवी किंवा भडक गुलाबी घ्यावी.

दोरखंड

हुकाऐवजी स्क्रू असलेला गिर्यारोहणाचा छोटा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) वापरता येतो. त्याची ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते आणि झुडपात घासून तो आपोआप उघडत नाही. मात्र तो हार्नेसच्या कडीत सैल फिरतो, म्हणून लहान कुत्र्याच्या पाठीवर आपटत राहतो. २२ किलोच्या कुत्रीला त्रास होऊ नये.

माळरानी

म्हणजे १० मीटर, १३ मिलिमीटरचे भगवे बायोथेन, फासाविना, पितळी फिरकीचा हुक, मध्ये लवचीक तुकडा, असे ठरत आहे. बटणवाल्या लीशबद्दल कोणी लिहिले नाही. आणि ससा उठलाच तर त्या क्षणी नेमके काय करायचे, हेही सांगावे.

डॉक्टर_चतुष्पाद

बटणवाली लीश प्रशिक्षणासाठी नको. तिच्यातली स्प्रिंग सतत थोडी ओढ देत असते, त्यामुळे "ओढले की पुढे जायला मिळते" हेच कुत्रे शिकते. लाँग लाइनचा हेतू याच्या नेमका उलट आहे. पातळ दोरीच्या प्रकाराने बोटे कापली जातात, आणि मूठ हातातून निसटली की ती खडखडत कुत्र्याच्या पाठीमागे धावते, मग घाबरलेले कुत्रे अधिकच पळते.

हानोव्हरवासी

सश्याच्या क्षणाबद्दल सांगतो. लाइन संपण्याची वाट पाहत जागीच उभे राहणे हे सर्वांत वाईट. कुत्री सुटताच तिच्याच दिशेने काही पावले धावत जावे आणि हातमोज्यांतून लाइन सरकू देत, मूठ हळूहळू आवळत वेग कमी करावा. वरच्या गणितात अर्धा मीटर धरला आहे. तुम्ही असे दोन-तीन मीटरमध्ये थांबवले तर बल त्याच प्रमाणात चौथा-सहावा हिस्सा होते. ती थांबली आणि तुमच्याकडे वळून पाहिले, की तेव्हा हाक मारून चांगले बक्षीस द्यावे. कुत्री पाठ फिरवून पूर्ण वेगात असताना हाका मारत राहिल्या तर हाकेकडे दुर्लक्ष करण्याचाच सराव होतो.

रोजच्या सरावात लाइन शक्यतो ताणली जाऊच नये. टोकापासून दोन-तीन मीटर आधीच ओळखीचा आवाज करावा, ती वळली की बक्षीस, आणि लगेच पुन्हा हुंगायला मोकळीक. परत बोलावले म्हणजे फिरणे संपले असे तिला वाटू नये, याला माझ्या मते लाइनच्या कापडापेक्षा अधिक महत्त्व आहे. उरलेली लाइन हातात आठाच्या आकाराच्या मोठ्या घड्या घालून धरावी, गोल वेटोळे करू नये; घड्या ओढीबरोबर एकेक सुटतात, वेटोळे आवळले जाते.

बांधावरून

एक भर घालतो. सुरुवातीचे काही आठवडे १० मीटरपैकी पाचच सोडावेत आणि बाकीचे हातात ठेवावेत. वरचे आकडे पाहता पाच मीटरवरची चूक निभावते.

गणिताची_वही

मीही तेच लिहिणार होतो.

डॉक्टर_चतुष्पाद

जागेबद्दलही बोलायला हवे. काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि ससा काय किंवा काळवीट काय, कुत्र्याने धरणे ही शिकार ठरू शकते. कारवानीसारख्या कुत्र्यांचा सश्यांच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापर झालेला आहे, त्यामुळे अशा कुत्र्याकडे वनकर्मचारी संशयाने पाहतात, आणि त्यात त्यांचे चुकते असे नाही. टिटवी, तित्तिर, चंडोल ही सारी पाखरे जमिनीवर अंडी घालतात. लाइनवरच्या कुत्रीकडूनही घरटे तुडवले जाऊ शकते. तेव्हा सराव स्वतःच्या नांगरलेल्या किंवा पीक काढलेल्या रानात करावा, गवताळ माळावर नको. अडथळे कमी असल्याने लाइनही अडकत नाही. रस्त्यालगत मात्र लाइन आवरून दीड-दोन मीटरवर आणावी. प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दुचाकीस्वाराच्या आडवी आलेली दहा मीटरची पट्टी हा त्यातलाच प्रकार आहे.

माळरानी

तुरीचे रान जानेवारीत मोकळे होईल, तोवर अंगणालगतच्या पडीक तुकड्यात पाच मीटरवर सुरुवात करते. लाइन मोकळी जमिनीवर ओढत राहू द्यायची असे काही ठिकाणी वाचले, ते केव्हा करायचे?

हानोव्हरवासी

हातात लाइन असताना ती न चुकता परत येऊ लागली की मग, आणि तेही कुंपण असलेल्या जागेत. मोकळ्या माळावर कारवानीच्या मागे जमिनीवर पडलेली दहा मीटर लाइन तुम्हाला पकडता येणार नाही. पायाने दाबायला गेलात तर गुळगुळीत बायोथेन चपलेखालून निसटते. कुंपणातही लक्ष तिच्यावरच असावे, कारण लाइन अडकून ती एकटी पडली तर वेढ्यांत पाय गुंतवून घेते. तिथे सराव पक्का झाल्यावर लाइन टप्प्याटप्प्याने कापून आखूड करत जातात, म्हणजे तिला ती सुटल्याचे एकदम जाणवत नाही.

दोरखंड

कारवानीच्या बाबतीत शेवटचा तुकडा मी कधीच काढणार नाही.

खारा_वारा

या निमित्ताने विचारतो: आमच्याकडे सात किलोचे लहान कुत्रे आहे. त्यालाही १३ मिलिमीटरच घ्यावी का?

हानोव्हरवासी

नको. चारशे ग्रॅमची लाइन त्याला सतत मागे ओढेल. ९ मिलिमीटरची, ५ मीटर, आणि सर्वांत लहान हुक. समुद्रकाठ असल्याने हुक स्टीलचाच घ्यावा.